सनद मिळाल्यानंतर : लॉ फर्ममधील समावेशन आणि नोकरी शोधणारा वकील

कायद्याची पदवी घेऊन लॉ फर्ममध्ये नोकरी शोधणाऱ्या उमेदवाराला त्या फर्मच्या विविधता आणि समावेशन या नावाने चालणाऱ्या उपक्रमांकडून काय हवे असते, हा प्रश्न वरवर पाहता मनुष्यबळ विभागाच्या कक्षेतला वाटतो. परंतु न्यायाच्या व्यवहारात वकील म्हणून कोण उभे राहणार आणि कोणाच्या हाती कोणते काम जाणार, हे ज्या अंतर्गत रिवाजांतून ठरते त्यांच्याशी तो निगडित असल्यामुळे जाहीर व्याख्यानात त्याची चर्चा होणे योग्य ठरते. लॉ फर्म म्हणजे अनेक वकिलांनी मिळून चालवलेला व्यवसाय. त्याची मालकी आणि नफा भागीदारांकडे, म्हणजे पार्टनरांकडे असतो आणि मसुदे, संशोधन, कागदपत्रांची छाननी हे रोजचे काम मुख्यतः असोसिएट म्हणवले जाणारे तरुण वकील करतात. अशा फर्ममध्ये स्त्रिया, वेगवेगळ्या जातिधर्मांची माणसे, अपंग व्यक्ती, समलिंगी वा पारलिंगी व्यक्ती आणि घरातून पहिल्यांदाच या व्यवसायात आलेली मुले किती आहेत, याचा हिशेब म्हणजे विविधता. आणि त्यांना तेथे इतरांच्या बरोबरीने काम, शिकवण, मोबदला आणि बढती मिळते की नाही, याची स्थिती म्हणजे समावेशन. पहिली बाब मोजायला आणि छायाचित्रात दाखवायला सोपी असल्यामुळे फर्मच्या माहितीपुस्तिकांत तिचाच भरणा असतो. उमेदवार मात्र दुसरीविषयी चौकशी करत असतो, आणि या दोहोंमधील अंतर भारतीय वकिलीच्या इतिहासात किमान शंभर वर्षे जुने आहे.

१९२३ हे वर्ष या दृष्टीने विशेष आहे. नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या आणि ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांच्यासारख्या स्त्रियांना ज्ञान असूनही वकिलीची दारे बंद होती. ती १९२३ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स (विमेन) ॲक्टने देशभर उघडली आणि केवळ स्त्री असल्याच्या कारणावरून कोणालाही सनद नाकारता येणार नाही, असे ठरले. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनहून बॅरिस्टर होऊन मुंबईला परतले. सनदेच्या शुल्काचे पैसेही त्यांच्यापाशी नव्हते आणि ती अडचण नवल भथेना या मित्राच्या मदतीने दूर झाली, ही गोष्ट त्यांच्या चरित्रांतून महाराष्ट्राला परिचित आहे. तिच्या पुढचा भाग मात्र या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. त्या काळी मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत पक्षकार थेट बॅरिस्टरकडे जात नसे. सॉलिसिटर आधी प्रकरण तयार करी आणि मग आपल्या पसंतीच्या बॅरिस्टरला ब्रीफ, म्हणजे न्यायालयात बाजू मांडण्याचे काम, देई. सनद देताना न्यायालयाने जात पाहिली नाही, पण ब्रीफ देताना सॉलिसिटरांच्या पेढ्यांनी ती पाहिली. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या असलेल्या या बॅरिस्टरला अपील शाखेतील व जिल्हा न्यायालयांतील कामावर आणि पुढे बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेतील व्यापारी कायद्याच्या अध्यापनावर विसंबावे लागले. १९२६ मध्ये पुण्यात ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकाच्या खटल्यात त्यांनी जेधे-जवळकरांची बाजू यशस्वीपणे मांडली, तेव्हा तेथे त्यांच्याकडे काम घेऊन आलेली मंडळी ब्राह्मणेतर चळवळीतली होती. प्रस्थापित पेढ्यांच्या यादीत त्यांचे नाव नव्हते, म्हणून काम त्यांच्याकडे दुसऱ्याच वाटेने आले.

मुंबई उच्च न्यायालयातील पहिल्या स्त्री वकील मिठन टाटा, पुढच्या मिठन लाम, यांचा अनुभव याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवतो. आरंभीच्या एका पक्षकाराने त्यांना काम दिले ते अशा हिशेबाने, की आपली बाजू इतकी भक्कम आहे की ती कोणीही जिंकेल आणि मग प्रतिपक्षाला एका बाईकडून हरल्याची नामुष्कीही सोसावी लागेल, असे सांगितले जाते. एकाला ब्रीफ नाकारले गेले आणि दुसरीला ते शोभेची वस्तू म्हणून मिळाले. सनदेच्या बाबतीत दोघांनाही तक्रारीला जागा नव्हती. आजचा उमेदवार फर्मच्या समावेशनाच्या घोषणेकडे संशयाने पाहतो, त्याचे बीज येथे आहे.

सनदेच्या टप्प्यावरचे अडथळे राहिलेच नाहीत, असे अर्थातच नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी गौरव कुमार प्रकरणात दिलेल्या निकालानुसार, राज्य बार कौन्सिलांना नोंदणीसाठी ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये ठरवलेल्या ७५० रुपयांपेक्षा, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांकडून १२५ रुपयांपेक्षा, अधिक रक्कम घेता येत नाही. तोपर्यंत अनेक राज्यांत वेगवेगळ्या मथळ्यांखाली हजारो रुपये आकारले जात होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअर वकिलांना शहरी भागात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस केली. ती बंधनकारक नाही, आणि ज्येष्ठांच्या चेंबरमध्ये वर्षानुवर्षे रुजलेला फुकट राबवून घेण्याचा रिवाज शिफारशीने बदलेल, अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे होईल.

मोठ्या लॉ फर्मचा दरवाजा याहून वेगळ्या पद्धतीने उघडतो. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या क्लॅट या सामाईक प्रवेशपरीक्षेतून निवडक विद्यार्थी पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला येतात, तेथे वर्षाला काही लाख रुपये शुल्क भरतात, सुट्ट्यांमध्ये मुंबई-दिल्लीच्या फर्ममध्ये इंटर्नशिप करतात, आणि इंटर्नशिपमध्ये पसंत पडल्यास पदवीच्या आधीच पीपीओ, म्हणजे नोकरीचा प्रस्ताव, मिळवतात; उरलेल्यांसाठी कॅम्पसवर ‘डे झिरो’ नावाचा भरतीचा दिवस असतो. या साखळीतील प्रत्येक कडी दिसायला तटस्थ आहे. पण क्लॅट इंग्रजीतूनच होते, तर महाराष्ट्राची विधी सीईटी मराठीतूनही देता येते. इंटर्नशिपचा महिना फोर्ट किंवा लोअर परळ येथे काढायचा तर मुंबईत राहण्याची सोय हवी, आणि ती नातेवाइकाच्या घराच्या रूपाने सगळ्यांकडे नसते. शिवाय चांगली इंटर्नशिप मिळण्यासाठी कोणीतरी ओळखीचे लागते. नांदेडच्या किंवा जळगावच्या विधी महाविद्यालयातील हुशार विद्यार्थ्यापर्यंत ‘डे झिरो’ पोहोचतच नाही. शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या ‘आयडिया’ या उपक्रमाने वंचित घरांतील मुलांना क्लॅटसाठी तयार करून, पुढे शिष्यवृत्तीचा आणि भाषेचा आधार देऊन विद्यापीठापर्यंत आणले, हे फार मोठे काम आहे. फर्मही अशा उपक्रमांना देणग्या देतात आणि त्यांचा उल्लेख अभिमानाने करतात. परंतु विद्यापीठापर्यंत आलेला हाच विद्यार्थी जेव्हा उमेदवार म्हणून समोर बसतो, तेव्हा त्याला देणगीच्या रकमेत रस नसतो. पहिल्या सहा महिन्यांत कोणत्या पार्टनरच्या हाताखाली काम मिळेल आणि ते कोण ठरवेल, हे त्याला जाणून घ्यायचे असते.

हा प्रश्न महत्त्वाचा का, हे फर्मच्या आतील कामाची वाटणी पाहिल्यावर कळते. एखाद्या कंपनीचे विलीनीकरण किंवा मोठा लवाद आला, की पार्टनर आपल्या विश्वासातील दोन-तीन असोसिएटांना निवडतो. ही निवड बहुधा तोंडी होते, कोठे नोंदली जात नाही आणि तिची कारणे कोणी विचारत नाही. ज्याच्याशी बोलणे सोपे वाटते, ज्याची शाळा, बोली आणि विनोद ओळखीचे असतात, ज्याला रात्री अकराला फोन करताना संकोच वाटत नाही, त्याच्याकडे काम जाते. यात कोणाचा दुष्ट हेतू असतोच असे नाही, आणि म्हणूनच पक्षपातविरोधी प्रशिक्षणाच्या दोन तासांच्या सत्राचा येथे फारसा उपयोग होत नाही. बिलेबल अवर्स, म्हणजे पक्षकाराला ज्यांचे बिल लावता येते ते तास, यांवर असोसिएटचे मूल्यमापन होते. महत्त्वाचे काम न मिळालेल्याचे तास कमी भरतात, तास कमी भरले की अप्रेझलमध्ये तो मागे पडतो आणि पुढच्या वेळी त्याला काम न देण्याचे कारण आता लेखी उपलब्ध असते. शंभर वर्षांपूर्वी हा निर्णय सॉलिसिटर बाहेरून घेत असे, आज तो फर्मच्या आत होतो. उमेदवाराच्या दृष्टीने एवढाच फरक पडला आहे.

मराठी माध्यमातून आलेल्या उमेदवाराच्या वाट्याला या वाटणीचा एक खास प्रकार येऊ शकतो. महाराष्ट्रातील जमिनीच्या व्यवहारात मालकी हक्क तपासण्यासाठी, ज्याला व्यवसायात टायटल सर्च म्हणतात त्यासाठी, सातबारा, फेरफार नोंदी, जुनी खरेदीखते आणि इंडेक्स टू वाचावी लागतात. पूर्वीच्या तलाठ्याच्या अक्षरातला फेरफार लावून त्यातून वारसांचा माग काढणे हे नाजूक आणि जोखमीचे काम आहे, कारण एक नोंद नजरेतून सुटली तर शेकडो कोटींचा प्रकल्प अडू शकतो. ते येणारा ज्युनिअर फर्मला हवाच असतो. मात्र त्याने काढलेल्या निष्कर्षांवर इंग्रजीत अहवाल लिहिण्याचे आणि पक्षकारापुढे तो मांडण्याचे काम दुसऱ्याकडे गेले, तर पाच वर्षांनी पहिला ‘मराठी कागद पाहणारा’ उरतो आणि दुसरा स्थावर मालमत्तेच्या कायद्यातील तज्ज्ञ ठरतो. अशा उमेदवाराला फर्मने मराठी दिन साजरा करावा असे वाटत नसते. आपल्या कौशल्याची गणना तज्ज्ञतेत व्हावी आणि अहवालावर आपले नाव यावे, एवढीच त्याची मागणी असते. भाषेच्या बाबतीत समावेशनाचा याहून स्पष्ट अर्थ सांगता येणार नाही.

कामाच्या वाटणीइतकाच महत्त्वाचा, पण त्याहून कमी चर्चिला जाणारा विषय नेमणुकीच्या कागदाचा आहे. सनद घेतलेल्या वकिलाने कोणाही व्यक्तीची, फर्मची किंवा कंपनीची पूर्णवेळ पगारी नोकरी करू नये, असा बार कौन्सिलच्या नियमावलीतील ४९ वा नियम आहे. वकिलाचे स्वातंत्र्य मालकाच्या मर्जीला बांधले जाऊ नये, हा त्याचा उद्देश समजण्यासारखा आहे. व्यवहारात मात्र या नियमामुळे असोसिएटची नेमणूक सामान्यतः नोकर म्हणून न होता रिटेनरशिप करारावर होते, म्हणजे त्याला पगार न मिळता व्यावसायिक शुल्क मिळते, भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी यांचा प्रश्न उद्भवत नाही, आणि प्रसूती रजेसारख्या नोकरदारांसाठी केलेल्या कायद्यांचे संरक्षण त्याला आहे की नाही, हे वादग्रस्त राहते. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर बंधनकारक केले. ज्या फर्म आपल्या पक्षकार कंपन्यांना या तरतुदी समजावून सांगतात, त्यांच्याच असोसिएट स्त्रीला तेवढी रजा मिळते ती बहुधा फर्मच्या धोरणाने, म्हणजे सौजन्याने. अनेक मोठ्या फर्म ती देतात, आणि त्याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. तरीही उमेदवार स्त्रीला हवी असते ती करारातील ओळ : रजेचा काळ किती, त्या काळात शुल्क किती, परतल्यावर तोच पार्टनर, तेच पक्षकार आणि तीच ज्येष्ठता राहणार का, आणि त्या वर्षी तासांचे उद्दिष्ट प्रमाणात कमी होणार का. यांतील शेवटचा प्रश्न मुलाखतीत विचारण्याचे धैर्य फार थोड्या जणी करतात, कारण तो विचारणे म्हणजे लवकरच रजेवर जाण्याची सूचना देणे, असा अर्थ काढला जाईल अशी भीती असते. माहितीपत्रकात ही ओळ आधीच छापलेली असेल तर हा धोका कोणालाच पत्करावा लागणार नाही.

लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याची स्थिती या बाबतीत बरी आहे, कारण त्यात कर्मचारी या शब्दाची व्याख्या प्रशिक्षणार्थींपर्यंत पोहोचेल इतकी व्यापक केलेली असल्यामुळे इंटर्नलाही अंतर्गत समितीकडे जाता येते. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यानेही खासगी आस्थापनांच्या व्याख्येत फर्मचा समावेश केला असून समान संधी धोरण जाहीर करण्याचे बंधन घातले आहे. दृष्टिहीन उमेदवाराला मात्र त्या धोरणाच्या प्रास्ताविकापेक्षा हे कळणे गरजेचे असते, की फर्मची कागदपत्रे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येतात, की ती नुसती स्कॅन केलेली चित्रे असतात. आणि चाकाची खुर्ची वापरणाऱ्याला हे, की फोर्टमधील जुन्या इमारतीच्या लिफ्टपर्यंत पोहोचण्याआधी किती पायऱ्या आहेत. समलिंगी उमेदवाराच्या बाबतीत २०१८ च्या नवतेज जोहर निकालाने गुन्हेगारीचा शिक्का पुसला, पण २०२३ च्या सुप्रियो निकालाने विवाहाचा हक्क मान्य केला नाही. त्यामुळे फर्मच्या आरोग्य विम्यात जोडीदाराचे नाव घालता येते का, हा प्रश्न जून महिन्यात बोधचिन्हाला दिलेल्या इंद्रधनुषी रंगापेक्षा कितीतरी निर्णायक ठरतो.

जातीच्या बाबतीत परिस्थिती अधिक अवघड आहे, आणि येथे उमेदवारांमध्येही एकमत नाही. ‘आमच्याकडे जात विचारली जात नाही’ असे फर्म सांगतात व ते बहुधा खरेही असते. पण क्लॅटमधील क्रमांक विचारला की आरक्षित जागेवरील प्रवेश उघड होतो, आणि आडनावाला विचारण्याची गरजच नसते. काहींना वाटते की फर्मने जातीची नोंद ठेवावी, कारण जे मोजले जात नाही त्याच्या अभावाचा जाबही विचारता येत नाही. इतरांना, ज्यांनी विद्यापीठातली पाच वर्षे ‘कोट्यातला’ हा शब्द ऐकत काढली आहेत, त्यांना नोकरीच्या पहिल्याच दिवशी पुन्हा त्या रकान्यात बसायचे नसते. दोन्ही बाजू एकाच अनुभवातून आलेल्या आहेत. नोंद निनावी, ऐच्छिक आणि एकत्रित आकड्यांपुरती ठेवणे, आणि मुलाखतीत प्रवेशपरीक्षेचा क्रमांक विचारणे बंद करणे, हा त्यातला शक्य मार्ग दिसतो. त्यातील दुसऱ्या सुधारणेला तर एक पैसाही लागत नाही.

आकडे जाहीर करण्याची परंपरा असलेल्या अमेरिकेचे उदाहरण येथे उपयोगी आहे, आशेसाठी आणि सावधगिरीसाठीही. तेथे १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने नोकरीतील भेदभाव निषिद्ध केला, आणि १९८४ मध्ये एलिझाबेथ हिशन या असोसिएटने अटलांटाच्या किंग अँड स्पॉल्डिंग या फर्मविरुद्ध लढवलेल्या प्रकरणात तेथील सर्वोच्च न्यायालयाने पार्टनर करण्याचा निर्णयही या कायद्याच्या कक्षेत येऊ शकतो, असे ठरवले. ‘नाल्प’ ही विधी-भरतीविषयक संघटना दरवर्षी फर्ममधील प्रमाणे प्रसिद्ध करते. २०२३ मध्ये असोसिएटांत स्त्रियांचे प्रमाण पहिल्यांदाच निम्म्याच्या पुढे गेले, तर पार्टनरांत ते २८ टक्क्यांच्या आसपासच होते. २०१७ पासून सुरू झालेल्या ‘मॅन्सफील्ड रूल’ या उपक्रमात नेतृत्वाच्या पदांसाठी विचारात घेतलेल्यांपैकी किमान ३० टक्के व्यक्ती स्त्रिया व अल्पसंख्य गटांतील असाव्यात, अशी कसोटी होती. ती विचाराची कसोटी होती, नेमणुकीची नव्हे, आणि तिचे गुणदोष दोन्ही त्यातच आहेत.

त्यानंतर वारे फिरले. २०२३ च्या हार्वर्ड प्रकरणातील निकालाने प्रवेशातील वंशाधारित प्राधान्य संपवले, पाठोपाठ काही फर्मच्या विविधता-शिष्यवृत्त्यांवर दावे झाले आणि त्यांचे निकष बदलले. २०२५ मध्ये तर राष्ट्राध्यक्षांनी काही फर्मविरुद्ध थेट आदेश काढले, ज्यांत त्यांच्या विविधता-धोरणांवरही बोट ठेवले होते. पर्किन्स कुई, जेनर अँड ब्लॉक, विल्मरहेल आणि सुसमन गॉडफ्री न्यायालयात गेल्या आणि जिल्हा न्यायालयांत जिंकल्या. पॉल वाइस आणि तिच्यामागून इतर काही फर्मनी कोट्यवधी डॉलरच्या विनामूल्य विधिसेवेचे वचन देऊन तडजोड केली. जॉर्जटाउनच्या विद्यार्थ्यांनी कोणती फर्म कशी वागली, याचा जाहीर तक्ताच ठेवला. वर्षानुवर्षे संकेतस्थळावर असलेली पाने काही आठवड्यांत नाहीशी होताना पाहिलेल्या त्या उमेदवारांना एक भेद स्पष्ट दिसला : जी बाब फर्मच्या करारात, अप्रेझलच्या पद्धतीत आणि पार्टनरच्या मोबदल्याच्या सूत्रात शिरली होती ती सहज पुसता येत नव्हती, आणि जी केवळ प्रसिद्धी विभागाची होती ती आधी गेली.

येथे एक अप्रिय सत्यही नोंदवायला हवे. समावेशनाची गरज ज्याला सर्वाधिक असते, त्याला त्या निकषावर फर्म निवडण्याची मुभा सर्वांत कमी असते. शिक्षणकर्जाचा हप्ता डोक्यावर असलेला, गावी आईवडिलांना पैसे पाठवणारा पहिल्या पिढीचा वकील अधिक पैसे देणारीच फर्म निवडतो आणि निवडायलाच हवी. ‘चांगले उमेदवार चांगल्या फर्मकडे जातील आणि बाजार आपोआप सुधारेल’ हा युक्तिवाद त्याच्या बाबतीत लागू पडत नाही. म्हणून माहिती उघड करण्याचा भार उमेदवाराच्या चौकशीवर न टाकता फर्मवरच असायला हवा.

अशा माहितीचा नमुना तयार करण्यासाठी समिती नेमण्याची आवश्यकता नाही. सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना जो व्यवसाय-जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल बंधनकारक केला, त्यात स्त्रीपुरुषवार गळतीचे प्रमाण, पालकत्व रजेनंतर कामावर परतलेल्यांचे व टिकलेल्यांचे प्रमाण आणि अपंग कर्मचाऱ्यांची संख्या यांचे रकाने आहेत, म्हणजे उमेदवाराला हवी असलेली निम्मी उत्तरे त्यात मावतात. लॉ फर्म सूचीबद्ध नसल्यामुळे हा अहवाल त्यांना लागू नाही, पण आपल्या पक्षकारांना तो कसा भरावा याचा सल्ला देण्याचे काम त्या करतात. तोच तक्ता स्वतःच्या नावाने भरून प्रसिद्ध करण्यास कोणत्याही फर्मला कायद्याची आडकाठी नाही. तो भरायला घेतल्यावर अडचण येईल ती ‘कायम कर्मचारी’ या रकान्यापाशी, कारण रिटेनरशिपवरील असोसिएट तेथे मोजायचे की नाही हे आधी ठरवावे लागेल, आणि त्यासाठी बार कौन्सिलला ४९ व्या नियमाचा फेरविचार करावा लागेल.